कळवळ्याच्या पुढचा अभ्यास

मागच्या वर्षी बारावीचा तास संपल्यावर एक मुलगी टेबलापाशी थांबली. बाकीची मुले बाहेर गेल्याची खात्री करून घेत तिने विचारले, "सर, व्यसनमुक्तीचं काम करायचं असेल तर कुठला कोर्स करायचा?"

आमचे लोणी काळभोर हे पुणे-सोलापूर रस्त्यावरचे गाव. एका अंगाला उसाची शेती, दुसऱ्या अंगाला तेल कंपन्यांचे डेपो आणि टँकरच्या रांगा, मधूनमधून ढाबे, आणि अलीकडे उभी राहिलेली कॉलेजे व वसाहती. दारूचा प्रश्न अशा गावाला नवा नाही. मुलीच्या घरी काय आहे ते मी विचारले नाही, तिनेही सांगितले नाही. मानसशास्त्र, समाजकार्य अशी दोन-तीन नावे मी घेतली आणि ग्रंथालयातून डॉ. अनिल अवचट यांचे 'मुक्तांगणची गोष्ट' तिला काढून दिले.

आठवड्याने तिने पुस्तक परत केले. "खूप आवडलं, सर. दोनदा वाचलं. त्यांनी काय केलं ते कळलं. पण आपण ते शिकायचं कसं, ते नाही कळलं."

पुस्तकाविषयी इतके नेमके मत मी बऱ्याच दिवसांत ऐकले नव्हते. त्या निमित्ताने मी हे पुस्तक, त्याआधीचे 'गर्द' आणि याच क्षेत्रातील एक इंग्रजी हस्तपुस्तक पुन्हा वाचायला घेतले. मनात प्रश्न एकच होता. गावात, वस्तीत राहून मानसिक आजार आणि व्यसन यांत सापडलेल्या माणसांना मदत करण्याचे काम शिकता येते का? येत असेल, तर आपली पुस्तके ते कितपत शिकवतात?

'गर्द'ने काय केले

'गर्द' १९८६ सालचे. ब्राउन शुगर तेव्हा मुंबई-पुण्यात पसरू लागली होती आणि 'गर्द' हे तिचे रस्त्यावरचे नाव. अवचट शिक्षणाने डॉक्टर, पण दवाखान्यात न रमता माणसांमध्ये जाऊन लिहिणारे. व्यसनी मुलांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलून त्यांनी जे पाहिले ते साध्या भाषेत मांडले. त्या लेखनाने पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी मोठी देणगी देऊ केली, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' सुरू झाले. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट या त्या मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ होत्या. केंद्राची धुरा त्यांनी उचलली. लेखनातून संस्था उभी राहिल्याची अशी उदाहरणे मराठीत फार नाहीत.

विज्ञानशिक्षकाच्या दृष्टीने 'गर्द'चे महत्त्व आणखी एका गोष्टीत आहे. व्यसनी माणूस म्हणजे बिघडलेला, वाया गेलेला, अशी सर्वांची समजूत असताना या लेखनाने त्याला 'आजारी माणूस' या वर्गात आणले. वर्गीकरण बदलले की प्रश्न बदलतात. 'याला शिक्षा काय?' या प्रश्नाच्या जागी 'याला झाले काय, आणि उपाय काय?' हा प्रश्न येतो. निरीक्षण आधी आणि निवाडा नंतर, ही शिस्त आपण प्रयोगशाळेत शिकवतो. अवचटांनी ती फुटपाथवर पाळली.

'मुक्तांगणची गोष्ट' त्याच्या पुढची आहे. संस्था कशी उभी राहिली, कुठे अडखळली, माणसे कशी आली आणि कशी टिकली, याची ती हकिगत. पुस्तक वाचनीय आहे, प्रांजळ आहे, आणि एखादे काम मनापासून केले की काय घडते याचा विश्वास देणारे आहे. माझ्या विद्यार्थिनीने ते दोनदा वाचले ते उगीच नव्हे.

गोष्टीची मर्यादा

मग तिला अडले कुठे? गोष्ट म्हटली की तिला नायक लागतो. या गोष्टीच्या मध्यभागी अनिताताई आहेत: शांत, खंबीर, माणसावर विश्वास टाकणाऱ्या. वाचक भारावतो आणि नकळत एक निष्कर्ष काढतो, की हे काम अशा विलक्षण माणसांचे आहे. ते आपल्याकडून कसे व्हायचे? आदर वाढतो आणि त्याच आदरामुळे दार बंद होते. हा दोष एकट्या या पुस्तकाचा नाही. सामाजिक कामांवरील आपले बहुतेक मराठी लेखन असेच आहे. आपण संस्थापकांचा त्याग सांगतो, पण त्यांचे कसब सांगत नाही. पोहणाऱ्याचे धाडस वर्णन करायचे आणि हात कसे मारायचे ते सांगायचे नाही, असे काहीसे होते.

गंमत अशी, की वाचक पुस्तकावरून जो निष्कर्ष काढतो तो संस्थेच्या इतिहासाने खोटा ठरवला आहे. डॉ. अनिता अवचट १९९७ साली कर्करोगाने गेल्या. काम त्यांच्यावरच अवलंबून असते तर ते तिथे थांबायला हवे होते. ते थांबले नाही. त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी, मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण घेऊन, इतर सहकाऱ्यांसह ते पुढे नेले. व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच तिथे कार्यकर्ते झाली. पुढे केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने या संस्थेला इतर व्यसनमुक्ती केंद्रांच्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणारे विभागीय केंद्र म्हणून मान्यता दिली. म्हणजे एका व्यक्तीजवळ असलेले काहीतरी दुसऱ्यांना देता आले. जे देता येते ते शिकवता येते. मात्र ते 'काहीतरी' म्हणजे नेमके काय, हे सुटे करून सांगणे गोष्टीच्या आवाक्याबाहेरचे आहे, आणि तसा या पुस्तकाचा दावाही नाही. ही अपेक्षा दुसऱ्या प्रकारच्या पुस्तकाकडून ठेवावी लागते.

त्याआधी आणखी एका समजुतीचा विचार करायला हवा. 'ज्याने भोगले त्यालाच कळते' असे आपण म्हणतो. व्यसनातून सुटलेल्या माणसाजवळ दोन गोष्टी असतात ज्या कोणत्याही पदवीने मिळत नाहीत: समोरच्याचा विश्वास चटकन मिळतो, आणि 'सुटता येते' याचा तो स्वतःच पुरावा असतो. पण त्यातच धोकाही आहे. 'मी असा सुटलो, तूही असाच सुटशील' हे विधान एकाच नमुन्यावरून काढलेले अनुमान आहे. एका रोपावर प्रयोग करून सगळ्या पिकाविषयी निष्कर्ष काढला तर आपण विद्यार्थ्याचे गुण कापतो. अनुभव हे या कामातले मोठे भांडवल आहे. पण दुसऱ्याची तऱ्हा वेगळी असू शकते हे ओळखण्यासाठी अनुभवी माणसालाही शिकावेच लागते.

मनोविकारतज्ज्ञ नसेल तेथे

दुसऱ्या प्रकारचे पुस्तक म्हणजे डॉ. विक्रम पटेल यांचे 'व्हेअर देअर इज नो सायकिअॅट्रिस्ट'. ते २००३ साली निघाले. २०१८ मध्ये शार्लट हॅनलन यांच्यासह त्याची दुसरी आवृत्ती आली. डेव्हिड वेर्नर यांचे 'व्हेअर देअर इज नो डॉक्टर' ग्रामीण आरोग्यात काम करणाऱ्यांना ठाऊक असेल. नाव त्याच धर्तीवर आहे. लेखक गोव्यात काम केलेले, वाचक म्हणून डोळ्यांसमोर आरोग्यसेवक, परिचारिका, शिक्षक, कार्यकर्ते.

या पुस्तकाची मांडणीच एक मत मांडते. वैद्यकाची पाठ्यपुस्तके आजारांच्या नावांनी चालतात. हे पुस्तक तक्रारींनी चालते: झोप न येणारा माणूस, फार दारू पिणारा माणूस, तपासण्यांत काही न सापडता सतत दुखणारा माणूस, आत्महत्येचा विचार बोलून दाखवणारा माणूस. गावातला माणूस आरोग्यकेंद्रात येऊन 'मला नैराश्य आले आहे' असे म्हणत नाही. तो म्हणतो, अंगात त्राण नाही, डोके जड आहे, कामात लक्ष लागत नाही. कार्यकर्त्याला सुरुवात तिथूनच करावी लागते. शेवटचा भाग तर वाचकाने पुरा करायचा आहे. औषधांची आपल्याकडची नावे, जवळपासच्या संस्था, लक्षणांसाठीचे आपल्या बोलीतले शब्द, हे सारे स्थानिक वाचकाने भरावे अशी योजना आहे. आपले ज्ञान अपुरे आहे हे मान्य करून पाने सोडणारे लेखक थोडे.

तरीही पुस्तकाला अडचणी आहेत. पहिली भाषेची. इंग्रजी सोपे आहे, पण आमच्या बारावीतल्या मुलीसाठी ते इंग्रजीच. दुसरी मापाची. दारूविषयी जगभर वापरली जाणारी एक प्रश्नावली आहे, 'ऑडिट' नावाची. जागतिक आरोग्य संघटनेने ती १९८९ मध्ये प्रसिद्ध केली. दहा प्रश्न, जास्तीत जास्त ४० गुण. ८ च्या पुढे धोका, २० च्या पुढे अवलंबनाची दाट शक्यता. त्यात 'किती ड्रिंक घेता?' असे विचारतात आणि एक ड्रिंक म्हणजे साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. आमच्याकडे माप 'क्वार्टर'चे. वर्गात हे गणित करून पाहा. १८० मिलिलिटर व्हिस्की, त्यात आकारमानाने ४२.८ टक्के अल्कोहोल, म्हणजे ७७ मिलिलिटर. अल्कोहोलची घनता ०.७८९, म्हणून वजन सुमारे ६१ ग्रॅम. म्हणजे 'फक्त एक क्वार्टर' म्हणणारा माणूस सहा ड्रिंक घेत असतो. ६५० मिलिलिटरची ५ टक्क्यांची बियर घेतली तर साधारण अडीच, आणि ८ टक्क्यांची घेतली तर चार. हातभट्टीच्या दारूत किती टक्के ते गाळणाऱ्यालाही सांगता येणार नाही. कार्यकर्त्याला प्रश्नावली पाठ असून भागत नाही. गावातले माप त्या मापात बदलता यावे लागते.

तिसरी अडचण सर्वांत मोठी. 'माणसाचे शांतपणे ऐकून घ्या' हे छापायला एक ओळ लागते. ते करायला किती दिवस लागतात? आपण शिक्षक आहोत. बोलणे हा आपला धंदा. समोरचा अडखळला की आपण वाक्य पुरे करतो, चुकला की दुरुस्त करतो, गप्प राहिला की उपदेश करतो. पुस्तक वाचून ही सवय जात नाही. गोष्ट प्रेरणा देते, हस्तपुस्तक माहिती देते. कसब या दोहोंच्या बाहेर राहते.

गोव्यातला प्रयोग

हे कसब शिकवता येते का, याची चाचणी गोव्यात झाली आहे. 'संगत' या संस्थेने तेथील दहा प्राथमिक आरोग्यकेंद्रांत दोन प्रयोग केले. निष्कर्ष 'लॅन्सेट' या नियतकालिकाच्या २०१७ च्या अंकात छापले गेले. एक नैराश्यासाठी, दुसरा घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांसाठी. समुपदेशन करणारे कोण होते? किमान दहावी झालेली स्थानिक माणसे, ज्यांनी मानसिक आरोग्याचे कोणतेही शिक्षण पूर्वी घेतलेले नव्हते.

दारूच्या प्रयोगात ३७७ पुरुष होते. ऑडिटचे गुण १२ ते १९. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला आरोग्यकेंद्रातील नेहमीचे उपचार, थोडे सुधारून. दुसऱ्याला तेच उपचार आणि शिवाय समुपदेशनाच्या जास्तीत जास्त चार बैठका, प्रत्येकी अर्ध्या-पाऊण तासाच्या. तीन महिन्यांनी धोक्याच्या पातळीखाली आलेले पहिल्या गटात २६ टक्के, दुसऱ्यात ३६ टक्के. मधल्या दोन आठवड्यांत अजिबात न प्यायलेले पहिल्या गटात १८, दुसऱ्यात ४२ टक्के. नैराश्याच्या प्रयोगात ४९५ जण होते. बरे झालेल्यांचे प्रमाण ३९ विरुद्ध ६४ टक्के.

आकडे उत्साह वाढवणारे आहेत. पण शास्त्राच्या विद्यार्थ्याने पुढचा परिच्छेदही वाचावा. जे पीतच राहिले त्यांचे रोजचे प्रमाण या समुपदेशनाने कमी झाले नाही. घरातील मारहाणीवरही परिणाम दिसला नाही. शिवाय ज्यांचे गुण २० वा त्याहून अधिक, म्हणजे ज्यांना दारूशिवाय राहणेच अशक्य झाले आहे, ते या प्रयोगात नव्हतेच. 'दहावी झालेला कार्यकर्ता दारू सोडवतो' असे वाक्य कुणी भाषणात टाकले तर ते अर्धसत्य ठरेल. संशोधकांनी मर्यादा स्वतःहून छापल्या, हा या कामाचा मोठेपणा.

माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर मात्र निष्कर्षांत नसून पद्धतीत आहे. या समुपदेशकांना आधी तीन आठवड्यांचे शिबिर दिले गेले. मग सहा महिने उमेदवारी: प्रत्यक्ष माणसांबरोबर काम, कोणाच्या तरी देखरेखीखाली. बैठकांचे ध्वनिमुद्रण (अर्थातच समोरच्याच्या संमतीने) करून ते आपसात ऐकायचे आणि ठरलेल्या मोजपट्टीवर एकमेकांना गुण द्यायचे. प्रश्न मोकळा विचारला की होकार-नकाराचा? मध्येच तोडले का? सल्ला घाईने दिला का? देखरेख सुरुवातीला तज्ज्ञांची; पुढे हळूहळू सहकाऱ्यांचीच. सुतार, गवंडी, तबलजी असेच शिकतात. तीन आठवडे ऐकायचे, सहा महिने करायचे आणि नंतरही कुणीतरी कान देऊन असायचे, हे प्रमाण लक्षात ठेवण्याजोगे आहे. आपल्याकडचे बहुतेक 'प्रशिक्षण' तीन आठवड्यांच्या भागावरच प्रमाणपत्र देऊन मोकळे होते.

महाराष्ट्रातही असे प्रयत्न झाले आहेत. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' प्रकल्पात गावातल्याच कार्यकर्त्यांच्या कामानंतर दीड वर्षात नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले. तुलनेला दुसरा गट नव्हता, म्हणून हा पुरावा गोव्याइतका पक्का नाही. पण दिशा तीच. नाशिक जिल्ह्यातील ४१ गावांत पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या केंद्राने 'आत्मीयता' प्रकल्प राबवून गावकऱ्यांमधूनच मदत करणारे घडवले.

थांबायचे कुठे

या शिक्षणाचा एक भाग मात्र निव्वळ शरीरशास्त्राचा आहे, आणि तो विज्ञानशिक्षकांनी आवर्जून शिकवावा असा आहे.

तुकोबांच्या पालखीचा पुण्यानंतरचा मुक्काम लोणी काळभोरला असतो. आषाढवारीच्या दिवसांत गळ्यात माळ घालून दारू सोडणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्या निश्चयात मोठे बळ आहे: संगत बदलते, दिनक्रम बदलतो, चारचौघांत दिलेला शब्द पाठीशी राहतो. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभाही अशाच समूहबळावर चालतात. पण जो माणूस वर्षानुवर्षे सकाळपासून पितो त्याच्याबाबत एक धोका आहे.

मेंदूत चेतापेशींना शांत करणारे एक रसायन असते, गाबा. आणि चेतवणारे दुसरे, ग्लुटामेट. दारू पहिल्याचा परिणाम वाढवते आणि दुसऱ्याचा दाबते. रोजच असे झाले की मेंदू तोल सांभाळण्यासाठी उलट बाजूला झुकतो: शांत करणारी यंत्रणा बोथट होते, चेतवणारी वाढते. अशा वेळी दारू एकदम बंद झाली तर ब्रेक सुटलेला आणि अॅक्सिलरेटर दाबलेला, अशी मेंदूची अवस्था होते. पहिल्या काही तासांत हात थरथरतात, घाम येतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो. नसलेले दिसते, ताप येतो, नाडी धावते. उपचार न मिळाल्यास यात माणूस दगावू शकतो. गर्द बंद केल्यावर होणारा त्रास, ज्याला व्यसनी मंडळी 'टर्की' म्हणतात, पाहणाऱ्याला अधिक भयंकर वाटतो. पण तो सहसा जीवघेणा नसतो. दारूचा असतो. त्यातच जास्त पिणाऱ्यांत थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, कमी झालेले असते. ते न देता नुसते ग्लुकोज चढवले तर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो.

म्हणून दारूत पुरत्या बुडालेल्या माणसाला कार्यकर्त्याने 'उद्यापासून बंद कर' असे सांगायचे नसते. आधी डॉक्टरकडे न्यायचे असते. कळवळा असलेला पण न शिकलेला माणूस नेमका इथे चुकतो. आपले काम कुठे संपते हे ओळखणे हा या कामाच्या प्रशिक्षणातला पहिला धडा असायला हवा, आणि अनेक ठिकाणी तो शेवटचाही नसतो.

मी तिला काय सांगितले

गरज किती आहे हे आधी सांगितले. बेंगळुरूच्या निमहान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत दारूच्या विकारांनी ग्रासलेल्या शंभरांपैकी ८६ जणांना उपचार मिळत नसल्याचे दिसले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्यसनविषयक राष्ट्रीय पाहणीने म्हटले, की दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकाला कसलेतरी उपचार मिळतात. एवढी दरी मनोविकारतज्ज्ञांच्या संख्येने भरून निघणारी नाही.

मग वाटा. मानसशास्त्राची पदवी, त्यापुढे पदव्युत्तर शिक्षण. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायचे तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. समाजकार्याची वाट: पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था, मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने समुपदेशक आणि मनोसामाजिक कार्यकर्ते यांनाही आरोग्य व्यावसायिकांत जागा दिली आहे. आणि पदवीआधीची वाट: एखाद्या संस्थेत स्वयंसेवक म्हणून जाणे, कोपऱ्यात बसून पाहणे. या कामात पैसा बेताचा आणि मनावर ताण फार, हेही सांगितले. बरा झालेला माणूस पुन्हा पिऊ लागला की कार्यकर्त्याला तो स्वतःचा पराभव वाटतो. तसे न वाटून घेणे हेही शिकावेच लागते.

करिअर मार्गदर्शनाच्या पुस्तिकांत अभ्यासक्रमांची नावे, पात्रता आणि फी असते. मी तिला सांगितले, की कुठल्याही ठिकाणी प्रवेश घेण्याआधी तीन प्रश्न विचार. प्रत्यक्ष माणसांबरोबर किती तास काम करायला मिळेल? ते करताना माझे बोलणे कोण ऐकेल आणि चुका कोण दाखवेल? आणि माझ्या आवाक्याबाहेरचा माणूस आला तर त्याला कुठे पाठवायचे, हे कोण शिकवेल? या तिन्हींची उत्तरे मिळाली नाहीत तर प्रमाणपत्र कितीही चांगल्या कागदावर छापलेले असो, ते अपुरे समजावे.

शिक्षकांसाठी एक छोटा प्रयोग सुचवतो. वर्गात जोड्या पाडा. एकाने पाच मिनिटे आपल्या दिवसाविषयी बोलायचे, दुसऱ्याने फक्त ऐकायचे. सल्ला नाही, उपदेश नाही, स्वतःची हकिगत नाही. तिसऱ्याने मोजायचे: मोकळे प्रश्न किती, मध्येच तोडणे किती. मी हा प्रयोग आधी शिक्षकांच्या खोलीत केला. माझा स्वतःचा आकडा इथे छापत नाही. मात्र हा खेळ ऐकण्याच्या सरावापुरताच. मुलांकडून घरच्या दुखण्याची कबुली काढण्यासाठी तो नाही. एखादे मूल आपणहून बोललेच तर ऐकून घ्यावे, गुप्तता पाळावी आणि जाणकारापर्यंत पोचवावे. मुलाच्या जिवाला धोका आहे असे वाटले तर मात्र गप्प राहू नये. १४४१६ ही सरकारची टेलिमानस दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे.

मुलीला मी दुसरे पुस्तक दिले आणि दारूवरचे प्रकरण आम्ही दोघांनी मिळून मराठीत उतरवायला घेतले. आता दर शनिवारी शाळा सुटल्यावर ती अर्धा तास येते. मागच्या आठवड्यात तिने वहीत शेवटच्या भागातल्यासारखे रकाने आखून आणले होते. एका बाजूला लक्षण, दुसऱ्या बाजूला आमच्याकडचा शब्द: तलफ, काळजात धडधड, मन लागत नाही, डोकं बधिर झालंय. खाली जवळच्या आरोग्यकेंद्राची वेळ आणि तिथे मनोविकारतज्ज्ञ येतात का, येत असतील तर कोणत्या वारी, यासाठी रिकामी जागा. ती माहिती काढायला सोमवारी ती स्वतः जाणार आहे.